गाडी मुक्कामाला कुठे?

थांबलेली गाडी विमानतळाला खपत नाही. जयपूरच्या सांगानेर विमानतळातून बाहेर पडून कठड्याशी पाच मिनिटं उभं राहिलं की शिट्ट्या, हातवारे आणि ‘आगे चलो, आगे चलो’ यापलीकडे काही ऐकू येत नाही. माणूस घ्या, सामान डिकीत टाका, निघा. थांबायचंच असेल तर पार्किंगमध्ये जा आणि तासावर पैसे मोजा. ते पैसे वाचवायला भाड्याच्या गाड्यांचे चालक आसपासच्या रस्त्यांवर टपरीजवळ, सावली बघून गाडी लावतात आणि प्रवाशाचा फोन आला की आत शिरतात. देशातल्या बहुतेक विमानतळांवर हाच रिवाज आहे.

विजेच्या गाडीचं पोट मात्र थांबल्यावरच भरतं. पेट्रोलची टाकी वाटेत पाच मिनिटांत भरून होते. बॅटरीला तास लागतात, आणि ते तास कुठेतरी जमिनीच्या एका तुकड्यावर, एका तारेच्या टोकाशी काढावे लागतात. संपादकांनी यंदा ‘थांबे’ हा विषय दिला तेव्हा एसटी स्टँड आणि रेल्वे जंक्शनं इतरांनी आधीच पटकावली होती. मी विमानतळ मागून घेतला. भाड्याच्या गाड्या विजेवर न्यायच्या तर विमानतळाने काय तयारी करायची, हा माझा प्रश्न होता. उत्तर शोधता शोधता विमानतळ मागे राहिला आणि मी आग्रा रोडवर कानोत्याला पोचले.

आग्रा रोडवरचं गाव

मराठी माणसाला जयपूर नवं नाही. दिवाळीच्या सुटीत पुण्या-मुंबईच्या विमानांतून कुटुंबंच्या कुटुंबं उतरतात, सात-आठ दिवसांसाठी ठरवलेली इनोव्हा बाहेर उभी असते, आणि आमेर, पुष्कर, जोधपूर किंवा उलट्या बाजूने आग्रा, मथुरा अशी फेरी सुरू होते. आपल्याकडे ‘रेंटल कार’ म्हणजे बहुतेक वेळा चालकासकट गाडी. अमेरिकेत प्रवासी किल्ली घेतो आणि स्वतः निघतो. आपण गाडीबरोबर माणूसही भाड्याने घेतो; त्याचा भत्ता, त्याचा रात्रीचा मुक्काम, कुठल्या ढाब्यावर थांबायचं याबद्दलची त्याची मतं, सगळं त्यात आलं. विजेच्या गाडीच्या हिशेबात हा फरक मोठा आहे. तो पुढे येईलच.

मी मुद्दाम विजेची गाडी ठरवली. हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं, म्हणजे व्यवसायाची विजेची गाडी. पांढरी अक्षरं असती तर खाजगी. ही विभागणी 2018 सालची. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्राने बॅटरीवर चालणाऱ्या प्रवासी वाहनांना परमिटच्या अटीतून सूट दिली. त्यामुळे कागदावर तरी विजेच्या टॅक्सीला राजस्थानातून उत्तर प्रदेशात जायला डिझेलच्या टॅक्सीइतके सोपस्कार नाहीत. चालक बस्सीकडचे, पन्नाशीला आलेले. परमिटचं त्यांना कौतुक नव्हतं. आग्र्याच्या फेरीला मात्र ते सहसा नाही म्हणतात, असं त्यांनी जवाहर सर्कल ओलांडायच्या आतच सांगून टाकलं.

कारण साधं आहे. जयपूर ते आग्रा अंतर 240 किलोमीटरच्या आसपास. गाडीची बॅटरी 40 किलोवॉट-तासांची. जाहिरातीतला पल्ला मोठा असतो. पण चार माणसं, टपावर सामान, मे महिन्यात सतत चालू असलेला एसी आणि महामार्गावरचा शंभराचा वेग धरला तर एका चार्जमध्ये आग्रा गाठणं म्हणजे शेवटचे चाळीस किलोमीटर डोळे काट्यावर ठेवून बसणं. वाटेत तासभर थांबलं की प्रश्न मिटतो. सिकंदऱ्याहून आत वळून आभानेरीची चांद बावडी बघायची असेल तर गाडीलाही तेवढी उसंत मिळते. पण चार्जर महामार्गावर असतो आणि बावडी आत गावात. पाहुणे बावडीच्या पायऱ्या मोजत असताना गाडी बिनकामाची उभी राहते, मग पाहुण्यांना गाडीत बसवून चार्जरपाशी पुन्हा तासभर ताटकळावं लागतं. पाहुणे वैतागतात, पुढच्या वेळी डिझेलची गाडी मागतात.

कानोता त्या मानाने जवळ. विमानतळापासून वीसेक किलोमीटर, जगतपुरा, खो-नागोरियान करत. जयपूरच्या दक्षिणेचा 47 किलोमीटरचा रिंग रोड अजमेर रोडवरून निघून इथल्या जवळच बगराण्याला आग्रा रोडला मिळतो, म्हणजे शहरात न शिरता इथे येता येतं. गावात धरण आहे आणि चांपावत राठोडांचा किल्ला आहे. त्याचं आता हेरिटेज हॉटेल झालंय. याच घराण्यातल्या अमरसिंहांनी 1898 पासून 1942 साली मृत्यू येईपर्यंत रोज डायरी लिहिली. अभ्यासक रूडॉल्फ दांपत्याने मोहनसिंह कानोता यांच्याबरोबर तिच्यातला काही भाग संपादित करून छापला. अमरसिंह घोडदळातले अधिकारी. लांबच्या प्रवासात जनावर कुठे थांबणार, त्याला दाणापाणी कोण देणार हे ठरल्याशिवाय त्या काळी कुणी निघत नसे. विजेची गाडी याबाबतीत मोटारीपेक्षा घोड्याच्या जवळची आहे: जिथे मुक्काम, तिथेच वैरण.

एका सॉकेटचं गणित

कानोत्याच्या आसपास आग्रा रोडला लागून हॉटेलं आहेत, लग्नाची ‘मॅरेज गार्डन’ आहेत, ढाबे आहेत. त्यातल्या एका मध्यम हॉटेलात आम्ही थांबलो. पाहुण्यांच्या इमारतीमागे चालकांसाठी एक खोली, चार खाटा, बाहेर नळ. आणि खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर, पावसाचं पाणी लागू नये म्हणून पत्र्याची टोपी घातलेलं 16 अँपियरचं सॉकेट.

या सॉकेटसाठी हॉटेलमालकाने कुठलंही धोरण वाचलेलं नाही. एका चालकाने गिझरच्या प्लगमध्ये वायर खुपसली, एमसीबी पडला, पाहुण्यांच्या चार खोल्या अंधारात गेल्या. दुसऱ्या दिवशी वायरमन बोलावून ही वेगळी लाइन ओढून घेतली. भारतात वीज-गाड्यांची सोय प्रत्यक्षात बऱ्याचदा अशीच होते.

सॉकेटमधून गाडीबरोबर येणाऱ्या वायरने साधारण 3.3 किलोवॉटने वीज मिळते. 40 किलोवॉट-तासांची रिकामी बॅटरी भरायला बारा-तेरा तास. रात्री नऊला लावली तर सकाळी दहापर्यंत. पाहुण्यांना सहाला निघायचं असतं. भिंतीवर 7.2 किलोवॉटचा चार्जर बसवला तर हेच काम सहा तासांत होतं, म्हणजे रात्रभरात निवांत. त्यासाठी फार मोठी यंत्रं लागत नाहीत. पण अशा चार गाड्या एकदम लावल्या की जवळपास 29 किलोवॉट होतात, आणि मग हॉटेलचा मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. त्यासाठी जयपूर डिस्कॉम या वीज कंपनीकडे अर्ज, अनामत, बहुधा नवा मीटर. मालकाचा सवाल सरळ होता: वर्षातले किती दिवस चार विजेच्या गाड्या एकाच रात्री येतील? लग्नसराईत येतील. जुलैत एकही नाही. अनामत मात्र बारा महिने अडकून राहणार.

खरी गंमत बिलात आहे. त्या रात्री आमच्या गाडीने तीसेक युनिट घेतले असतील. युनिटला आठ-दहा रुपये धरले तरी अडीचशे-तीनशे. ते कुणी द्यायचे? डिझेल असतं तर ट्रॅव्हल्सवाल्याच्या कार्डावर गेलं असतं. हॉटेल म्हणतं, पाहुण्याच्या बिलात लावा. पाहुणा म्हणतो, गाडीचं भाडं मी दिलंय. मधल्या मध्ये चालक स्वतःच्या खिशातून देतो आणि नंतर कंपनीकडे मागतो. पावती नसते, म्हणून पैसे मिळतातच असं नाही. वीज विकायला परवाना लागतो ही जुनी भीती केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल 2018 मध्येच दूर केली: गाडी चार्ज करून देणं ही सेवा आहे, वीजविक्री नाही. म्हणजे कायद्याने हॉटेल पैसे घेऊ शकतं. अडतंय ते पावतीपुस्तकापाशी.

चालकासकट भाड्याच्या गाडीचा फरक तो हाच. रात्र विमानतळावर जात नाही. ती कानोत्यात, पुष्करात, रणथंभोरच्या दारातल्या एखाद्या गेस्टहाउसच्या मागच्या अंगणात जाते. विमानतळावर शंभर चार्जर बसवले आणि या अंगणांत एकही नसला तर फेरी पूर्ण होत नाही.

नागपूर, मे 2017

हे आपल्याला आठ-नऊ वर्षांपूर्वीच कळायला हवं होतं, कारण पहिला मोठा प्रयोग महाराष्ट्रात झाला, तोही विमानतळावरच. 26 मे 2017 रोजी नागपूर विमानतळावर मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि नितीन गडकरी यांच्या उपस्थितीत ओला आणि महिंद्रा यांच्या विजेच्या टॅक्सींना झेंडा दाखवला गेला. योजना 200 वाहनांची होती. टॅक्सी, रिक्षा, बस सगळं त्यात होतं. त्यातल्या शंभर महिंद्राच्या ‘ई-टू-ओ प्लस’ या छोट्या गाड्या. शहरात चार ठिकाणी पन्नासेक चार्जिंग पॉइंट.

महिना मेचा, गाव नागपूर. एसी बंद ठेवायची सोय नाही आणि बॅटरी लहान. दिवसभरात दोनदा तरी चार्जिंग लागायचं. घरी प्लग लावायला बहुतेक चालकांकडे स्वतःची पार्किंगची जागाच नव्हती, म्हणून सगळे त्याच चार ठिकाणी. रांगा तासन्‌तास. एका ठिकाणी रस्त्यावर गाड्या साचल्या म्हणून रहिवाशांनी विरोध केला आणि ते केंद्र बंद झालं. 2018 च्या सुरुवातीला रॉयटर्सने चालकांशी बोलून दिलेली बातमी होती ती गाड्या परत करून डिझेलकडे वळू पाहणाऱ्यांची.

नागपूरच्या प्रयोगाला नावं ठेवणं सोपं आहे. मला त्यात एक गोष्ट अजून महत्त्वाची वाटते. ज्याने रांगेत तीन तास घालवले त्याचे तीन तासांचे पैसे बुडाले. चार्जरची संख्या मोजली जात होती. चालकाचा वेळ कुणाच्याच वहीत नव्हता.

विकत घेतल्या, मग विकल्या

अमेरिकेत गाड्या भाड्याने देणाऱ्या हर्ट्झ कंपनीने ऑक्टोबर 2021 मध्ये एक लाख टेस्ला घेण्याची घोषणा केली. जानेवारी 2024 मध्ये तिनेच वीस हजार विजेच्या गाड्या विकायला काढल्या, म्हणजे तिच्याकडच्या विजेच्या ताफ्याचा सुमारे एक तृतीयांश. पुढे हा आकडा तीस हजारांवर गेला. ठोकर लागल्यावरची दुरुस्ती महाग, आणि टेस्लाने नव्या गाड्यांच्या किमती उतरवल्यामुळे जुन्या गाड्यांचा भाव कोसळलेला. भाड्याच्या धंद्यात गाडी शेवटी कितीला जाणार यावर नफा ठरतो, आणि तिथेच गणित फसलं. 2024 च्या मार्चमध्येच मुख्य कार्यकारी अधिकारी स्टीफन शेर पायउतार झाले.

तिथल्या विमानतळांचीही अडचण होती. अमेरिकेत भाड्याच्या गाड्यांचं विमानतळाशेजारी एकत्र केंद्र असतं. परतलेली गाडी पुसायची, धुवायची, पेट्रोल भरायचं आणि थोड्या वेळात पुढच्या गिऱ्हाइकाला द्यायची. सगळं आवार त्या वेगासाठी बांधलेलं. पंपाच्या जागी वीज आणायची म्हणजे सिमेंट फोडून नव्या केबल टाकायच्या, नवं उपकेंद्र उभारायचं आणि तोवर धंदा चालूही ठेवायचा.

आपल्याकडे मुक्कामाचं उत्तर विजेच्या टॅक्सी चालवणाऱ्या ब्लूस्मार्टला सापडलं होतं, असं माझं मत आहे. 2019 साली गुरुग्राममध्ये निघालेली ही कंपनी दिल्लीत आणि मग बंगळुरूत पसरली, विमानतळाच्या फेऱ्या हा तिचा भरवशाचा धंदा होता आणि ताफा आठ हजारांवर गेला होता. गाडी चालकाची नव्हती. पाळी संपली की ती कंपनीच्या हबवर परत यायची, तिथे चार्ज व्हायची, दुसरा चालक ती घेऊन निघायचा. चालकाला रांग नाही, घरी प्लग नाही, हप्ता नाही. नागपूरची चूक दुरुस्त झालेली.

मग 15 एप्रिल 2025 रोजी सेबीचा अंतरिम आदेश आला. तो जेनसोल इंजिनीअरिंग आणि तिचे प्रवर्तक अनमोल व पुनीत जग्गी यांच्याविरुद्ध होता. ब्लूस्मार्टच्या बऱ्याचशा गाड्या जेनसोल पुरवत असे. आदेशानुसार 6,400 गाड्यांसाठी 664 कोटींचं कर्ज घेतलं, प्रत्यक्षात आल्या 4,704. उरलेल्या पैशांपैकी काही प्रवर्तकांच्या कामी, गुरुग्राममधल्या एका आलिशान सदनिकेसकट, वळवल्याचा सेबीचा ठपका होता. दुसऱ्याच दिवशी ॲपवर गाड्या मिळेनाशा झाल्या. हजारो चालक घरी बसले आणि हबवर गाड्यांवर धूळ साचली. पुढे त्यातल्या काही इतर कंपन्यांनी भाड्याने घेतल्या. बॅटरी, चार्जर, हब यांतलं काहीच त्या वेळी बिघडलेलं नव्हतं.

आवाराच्या आत

विमानतळाने काहीच करायचं नाही, असं म्हणणं नाही. पण काय करायचं त्याचा क्रम उलटा आहे. घोषणा होते ती झगमगीत वेगवान चार्जरची. साठ किलोवॉटचे वीस चार्जर एकदम चालू झाले तर 1.2 मेगावॉट लागतात, आणि ते गर्दीच्या वेळी लागतात, जेव्हा टर्मिनलचा एसीही पूर्ण जोरात असतो.

त्याउलट भाड्याच्या दोनशे गाड्या जवळच्या एखाद्या जागेवर रात्री मुक्कामाला आणा. प्रत्येकीला सरासरी 25 युनिट हवेत असं धरू. सगळ्या एकदम 7.2 किलोवॉटने लावल्या तर 1.4 मेगावॉटवर भार जातो. पण दहा तासांत पाळीपाळीने, पहाटेच्या विमानाच्या गाड्या आधी आणि दुपारच्या नंतर, अशा भरल्या तर अर्ध्या मेगावॉटमध्ये भागतं. ट्रान्सफॉर्मर लहान, मागणी आकार कमी. यासाठी हवं ते एक साधं सॉफ्टवेअर आणि एक जागा. गाड्या उभ्या राहू देणारी जागा! इथे विमानतळाचा हिशेब आडवा येतो. पार्किंगचा चौरस मीटर तासावर विकून पैसे मिळतात; रात्रभर झोपलेल्या टॅक्सीकडून तेवढे मिळत नाहीत. सांगानेर विमानतळ शहराने वेढलेला आहे. ऑक्टोबर 2021 पासून तो अदानी समूहाकडे आहे, आणि विमानतळ चालवणारी कुठलीही खाजगी कंपनी तिथली जमीन स्वस्तात टॅक्सींना देईल असं मला वाटत नाही. जागा असेल ती रिंग रोडच्या टोकांना. बगराण्याला, कानोत्याला.

पुण्याला तेही अवघड. लोहगाव हवाई दलाचं, तिथे इंच-इंच जमीन मागून घ्यावी लागते. ऑक्टोबर 2025 मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळाला मात्र सगळं कोऱ्या जमिनीवर करता आलं. तिथे काँक्रीट ओतण्याआधी रिकामे पाइप टाकून ठेवणं आणि नंतर फोडून टाकणं यांच्या खर्चात किती अंतर पडतं ते कुठल्याही कंत्राटदाराला विचारा. आदर्श इमारत उपविधींत 2019 साली पार्किंगच्या वीस टक्के जागेसाठी चार्जिंगची सोय सुचवली गेली ती याच कारणासाठी.

आगीची भीती हा दुसरा मुद्दा, आणि तो सगळीकडे निघतो. 10 ऑक्टोबर 2023 च्या रात्री लंडनजवळच्या लूटन विमानतळाची बहुमजली पार्किंग इमारत पेटली, चौदाशेच्या आसपास गाड्या गेल्या आणि काही तासांत व्हॉट्सॲपवर विजेच्या गाडीला दोष देऊन झाला. अग्निशमन दलाने सांगितलं, सुरुवात डिझेलच्या गाडीपासून झाली. त्या इमारतीत पाण्याचे फवारे नव्हते. नॉर्वेत स्टावांगर विमानतळावर 2020 च्या जानेवारीत असंच घडलं होतं, तिथेही डिझेलचीच गाडी. बॅटरीची आग विझवायला जास्त पाणी आणि जास्त वेळ लागतो हे खरं आहे. पण फवारे हवेत ते सगळ्याच गाड्यांसाठी.

गोव्याचा हट्ट

स्वतः चालवायची भाड्याची गाडी आपल्याकडे खऱ्या अर्थाने रुजली ती गोव्यात. जुलै 2023 मध्ये मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी जाहीर केलं की जानेवारी 2024 पासून पर्यटकांसाठी येणारी प्रत्येक नवी गाडी, रेंट-अ-कॅब आणि रेंट-अ-बाइकसह, विजेची असेल. रेंट-अ-कॅबवाले नाराज झाले. आजही मोपा किंवा दाबोळीला उतरलात तर हाती येणारी किल्ली बहुधा पेट्रोलच्या गाडीचीच असते.

मला त्या घोषणेचा हेतू पटतो, क्रम पटत नाही. गोव्यात पर्यटकाची गाडी रात्री आसगाव-हणजूणच्या एखाद्या गेस्टहाउसपुढे उभी असते. तिथे ना चालकांची खोली, ना पत्र्याची टोपी घातलेलं सॉकेट, ना त्यासाठी वायरमनशी भांडणारा माणूस. किल्ली ज्याच्या हातात आहे तो मुंबईहून चार दिवसांसाठी आलेला. त्याला चार्जिंगची वायर शोधायची हौस नाही. आधी गेस्टहाउसना भार वाढवून द्या, मग गाड्यांना सक्ती करा. गोवा छोटा आहे, एका चार्जमध्ये दोन दिवस सहज फिरता येतं. तिथे जमलं नाही तर राजस्थानात काय जमणार?

धुक्याची रात्र

परतीच्या वाटेवर मी जयपुरातल्या एका छोट्या ट्रॅव्हल्सवाल्याकडे थांबले. त्याच्या अकरा गाड्यांपैकी तीन विजेच्या. शहरातल्या फेऱ्यांना, आमेरला, विमानतळावरून हॉटेलला सोडायला त्या उत्तम, खर्च डिझेलच्या मानाने फारच कमी, असं तो मनापासून सांगत होता. पुढच्या वर्षी आणखी दोन घेणार आहे. कानोत्याच्या हॉटेलशी त्याचं बोलणंही झालंय: तीन चार्जर बसवायचे, अनामत निम्मी त्याची, निम्मी हॉटेलची, बदल्यात त्याच्या गाड्यांना रात्री प्राधान्य. कागद झालेला नाही. शब्दावर आहे.

मग मी जानेवारीचं विचारलं. दिल्लीत धुकं पडलं की विमानं जयपूरला वळवली जातात, रात्री-अपरात्री, एकापाठोपाठ एक. त्यातले काही प्रवासी पुन्हा विमान उडायची वाट न बघता रस्त्याने निघतात. दिल्ली 270 किलोमीटर, थंडीत हीटर चालू, धुक्यात मध्येच थांबून तासभर चार्ज करायची कुणाची तयारी नाही. त्या रात्री एकाच वेळी दहा-पंधरा पूर्ण भरलेल्या गाड्या हव्या असतात आणि त्या कधी लागतील हे कुणालाच आधी ठाऊक नसतं. भरून उभ्या ठेवायच्या तर त्या रात्रीचं त्यांचं भाडं कोण देणार? विमानतळ देणार नाही, विमान कंपनी देणार नाही. म्हणून दोन जुन्या डिझेल इनोव्हा तो विकत नाहीये. वर्षातले तीनशे दिवस त्या आग्रा रोडच्या कडेला उभ्या असतात, विमा चालू, टायर तपासलेले, टाकी भरलेली.